फट बुजायच्या आत

भुईगाव, २२ फेब्रुवारी १९८१

वॉल्टर,

तुझं पत्र मिळालं. दात पडतात, नवे येतात, वाकडे आले तरी वयाबरोबर सरळ होतात, आपल्या घराण्यात आजवर कुणी दातांच्या डॉक्टरकडे गेलं नाही आणि तरीही सगळे पोटभर जेवले, असं तू कळवलं आहेस. वाचून धन्य झाले. बहारीनला तुला तेलाच्या नळांवर देखरेखीला ठेवलंय असा माझा समज होता. तिथे तुम्हाला दातांचं शास्त्रही शिकवतात हे माहीत नव्हतं.

आता जरा नीट वाच. तुझ्या मुलीचा वरचा जबडा अरुंद आहे. वरचे दात खालच्या दातांच्या बाहेरून बसायला हवेत, सुझानचे डावीकडचे आतून बसतात. म्हणून तोंड मिटताना ती खालचा जबडा डावीकडे सरकवते. मागच्या सुट्टीत तू म्हणाला होतास ना, "पोरगी तोंड वाकडं करून बघते, फ्लॉसी, तू तिला फार डोक्यावर बसवलंयस"? ती उद्धटपणा करत नव्हती रे बाबा, तिला तोंड दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मिटताच येत नव्हतं. ती एकाच बाजूने चावते आणि रात्रभर तोंड उघडं टाकून झोपते. उन्हात वाळवलेली आपली सुकेळी तिच्या जिवाची, पण एक सुकेळं संपवायला तिला अख्खी दुपार लागते. मुंबईच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की आत्ता सोडून दिलं तर चेहराच एका अंगाला वाढेल, आणि मोठेपणी तो सरळ करणं फार अवघड होऊन बसेल.

टाळू म्हणजे एक सलग छप्पर असं मलाही वाटायचं, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते! टाळूची हाडं दोन बाजूंना दोन असतात आणि मधे शिवण असते. लहानपणी ती शिवण कच्ची असते. बाईंनी सुझानच्या वरच्या दाढांना धातूची कडी पक्की बसवली, टाळूला लागून कवळीसारखा गुलाबी ठोकळा बसवला आणि त्याच्या मधोमध एक स्क्रू. स्क्रूच्या भोकात बारीक चावी घालून ती घशाच्या दिशेने ढकलायची, की दोन्ही बाजू केसभर लांब जातात. शिवण उसवते आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं. हे काम मी करते. चावी घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधून तो माझ्या बोटाला गुंडाळते. सुझान आ करून एक नमो मारियाची प्रार्थना मनात म्हणते, तिचा आमेन होईस्तोवर माझं काम उरकतं. नाकाच्या मुळाशी दाटल्यासारखं होतं म्हणते. डोळ्यांत पाणी येतं, पण रडत नाही. हे धैर्य तिला आपल्या बाजूने आलेलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात पुढच्या दोन दातांमधे फट पडली. चांगली रुंद. शिवण उघडली याची तीच खूण, बाई खूश झाल्या. आमचं गाव मात्र सुतक धरून बसलंय. "चांगल्या पोरीचे दात फाकवले" म्हणून जी ती मला ऐकवून जाते. शेजारच्या क्लारा मावशी तर दारातच थबकल्या. "अगं बाय, ही तं हिल्डाच हसते!" म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. माणसं तरी काय, दोन दातांत फट दिसली की माझी मेलेली वहिनी दिसते यांना. ही फट आपोआप बुजते असं बाईंनी सांगितलंय. चावी फिरवायची थांबली की दोन्ही दात आपण होऊन एकमेकांकडे सरकतात. हाडाचं तसं नाही. ते भरून पक्कं होईपर्यंत यंत्र तोंडातच राहायला हवं, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंत.

मे महिन्यात सुझान पहिल्यांदा पवित्र भाकर घेणार, त्या कम्युनियनला तू येणार हे बरं झालं. मांडव घाल, बँड आण, हवं ते कर. पण तोवर बहारीनच्या उंटावरून भुईगावच्या शेळ्या हाकू नकोस.

फ्लॉसी


भुईगाव, याच घराच्या स्वयंपाकघरातून, ९ मे १९८१

वॉल्टर,

हे पत्र तुझ्या बॅगेवर ठेवते आहे. तू ओटीवर मांडववाल्याशी झालरीच्या रंगावरून हुज्जत घालतो आहेस, ते इथवर ऐकू येतंय. उठून बाहेर आले तर मलाही बोलता येईल. पण मी जे बोलेन ते मांडववाल्याच्याही कानावर जाईल, आणि उद्या त्याची मुलं माझ्याच वर्गात येऊन बसणार आहेत.

काल सकाळी मी निकालाच्या कामाला शाळेत गेले. दुपारी परतले तर सुझान विहिरीच्या कठड्याला टेकून उभी, तोंडावर रुमाल. म्हटलं पडली की काय. तिने रुमाल काढला आणि आ केला. तोंड रिकामं! हिरड्या सुजलेल्या, दाढांवर सिमेंटची पुटं, आणि फ्रॉकच्या खिशात ते यंत्र, सायकलखाली सापडलेल्या चमच्यासारखं पिळवटलेलं. "पप्पा मला वसईच्या बाजारात कवळीवाल्याकडे घेऊन गेले होते," एवढंच म्हणाली.

मी तुला विचारलं, तर तू खुर्चीत पाय पसरून म्हणालास, "देवाच्या कामात अडचण नको. कम्युनियन होऊ दे, मग बघू."

बघू! हाड काय तुझ्या सवडीने थांबून राहणार आहे?

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. परवा क्लारा मावशी नारळ खवायला आल्या होत्या. आपण दोघंही तिथेच होतो. सुझानने जांभई दिली आणि मावशींचा हात थांबला.

"फ्लॉसी, पवित्र भाकर टाळूला चिकटते गं. मला लहानपनापासून चिकटते. पन माझ्या टाळूला खिळा नाय. हिच्या त्या खिळ्यात प्रभू अडकला तं कशाने काढनार? ब्रशाने?"

मी म्हटलं, "चूळ भरेल, मावशी."

"आनि थुंकनार कुठं? मोरीत?"

आपल्या लहानपणी सिस्टरनी शिकवलेलं सगळ्यांच्याच हाडीमाशी आहे. भाकर म्हणजे प्रभूचं शरीर, ती चावायची नाही, बोट लावायचं नाही, टाळूला चिकटली तर जिभेने हळूच सोडवायची. मी म्हटलं, रविवारच्या आत फादरना विचारून घेते. तू मान हलवलीस. तुझी मान हलली की आत डोकंही हलत असेल असं मी धरून चालते, ही माझी जुनी खोड.

काल संध्याकाळी मी फादर गॅब्रिएलकडे गेले. प्रश्न विचारायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ त्यांना उत्तर द्यायला लागला. "छोटासा तुकडा देईन, वर पाण्याचा घोट घ्यायचा. घशाचे आजारी असतात त्यांना मी असंच देतो." मग चष्मा काढून म्हणाले, "पण मला कुणीच का नाही विचारलं?" मी काय सांगणार? आमच्या गावात देवाबद्दलची शंका मांडववाल्याला विचारतात, कवळीवाल्याला विचारतात, क्लारा मावशींना विचारतात. ज्याचं ते काम आहे, तो माणूस आपला चर्चच्या बागेत झाडांना पाणी घालत बसलेला असतो.

देवाची काळजी तू करू नकोस. त्याला पाण्याचा घोट पुरतो. सुझानच्या हाडाला मात्र अजून तीन-चार महिने ते यंत्र हवं होतं. बिनखांबाच्या मांडवासारखं ते हाड आता दोन्ही बाजूंनी आत बसणार आहे.

आज शनिवार, मुंबईचा दवाखाना बंद. उद्या कम्युनियन. परवाही तू तिला घेऊन जाऊ देणार नाहीस, कारण परवा तुझ्या मित्रांचं जेवण आहे. छान.

ताट वाढलं की सुझान तुला हाक मारील. मी मारणार नाही.

फ्लॉसी


भुईगाव, १९ जुलै १९८१

वॉल्टर,

वेळच्या वेळी पळालास. मांडव उतरवायच्या आत तुझं विमान उडालं. मागे राहिली दोन पिंपं उष्टं, भाड्याच्या खुर्च्या आणि तुझी मुलगी.

फोटो आला आहे. शुभ्र फ्रॉक, डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती, आणि ओठ शिवल्यासारखे मिटलेले. फोटोवाला बिचारा "हस बेबी, हस" करून थकला, आणि तू त्याच्या पाठीमागे उभा राहून "तोंड मिटून, तोंड मिटून" करत होतास. गावाला फोटो फार आवडला. मी तो कपाटात ठेवला आहे, खालच्या कप्प्यात.

फट बुजली. अभिनंदन. ती बुजायचीच होती हे मी तुला फेब्रुवारीत लिहिलं होतं, पण माझी पत्रं तू बहुधा चहाच्या कपाखाली ठेवतोस. जबडाही पुन्हा अरुंद झाला. डावीकडचे दात पुन्हा आत बसायला लागले आणि तोंड मिटलं की सुझानची हनुवटी पुन्हा डावीकडे जाते. थोडे दिवस का होईना, दोन्ही बाजूंनी चावता येतं म्हणजे काय ते पोरीला कळलं होतं. यंत्र होतं तेव्हाही ती केळ्याची भाजी दोन्ही गालांत भरून खायची आणि मला गाल दाखवायची. आता ताटावर बसते आणि निम्मं ठेवून उठते.

मी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. खिशातलं ते पिळवटलेलं यंत्र टेबलावर ठेवलं. बाईंनी ते चिमट्याने उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"हे कुणी केलं?"

"हिच्या वडिलांनी. म्हणजे त्यांनी बाजारातल्या कवळीवाल्याकडून करवलं."

"कारण?"

मी पवित्र भाकरीचं सांगितलं. बाई पारशी आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धर्मात मी पडत नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, शिवण अजून कच्ची आहे, पुन्हा उघडता येईल. पण दोन-चार वर्षं घालवाल तर मला विचारायला येऊ नका. आणि ज्याने हे उचकटायला लावलं त्याने मला लिहून द्यावं की पुन्हा हात लावणार नाही. त्याशिवाय मी बसवणार नाही. हे तोंड आहे, कपाट नाही उघडझाप करायला."

मी शाळेत चारशे मुलांना धाकात ठेवते, पण त्या बाईंपुढे खाली मान घालून उभी राहिले, तुझ्यामुळे.

तेव्हा लिही. लांबलचक नको, एक ओळ पुरे. "डॉक्टर सांगतील तसं करा, मी मधे येणार नाही." खाली सही. वाटल्यास मी मजकूर घालून देते, तू नुसता गिरव.

फ्लॉसी


भुईगाव, ४ ऑक्टोबर १९८१

वॉल्टर,

अजून उत्तर नाही. दातांचा विषय निघाल्यावर तुझीच दातखीळ बसावी हे काही वावगं नाही.

तुझं पार्सल मात्र पोचलं. तुझ्या कंपनीतला तो क्लेमेंट स्वतः घेऊन आला, अंगाला अत्तराचा घमघमाट. पार्सलात जरीचा फ्रॉक, डोळे मिटणारी बाहुली आणि चिकट टॉफ्यांचा डबा. टॉफ्या! जिला पाव चावायला त्रास होतो तिला बापाने टॉफ्या पाठवल्या. सुझानने एक तोंडात टाकली, उजव्या गालात धरून विरघळेपर्यंत चोखत बसली, आणि डबा क्लारा मावशींच्या नातवंडांना देऊन आली. बाहुलीचं तोंड तेवढं तिने बराच वेळ निरखून पाहिलं. "हिचं सरळ आहे," म्हणाली.

शाळेत तिने नवीन खोड काढली आहे. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. बोलायला उभी केली तर तोंडापुढे वही धरते. पुढच्या बाकावरून उठून मागे जाऊन बसली. मी तिची शिक्षिका, मीच तिला पुढे बोलावते, आणि ती माझ्याकडे अशी बघते की मला दुसऱ्याच कुणाला तरी प्रश्न विचारावा लागतो.

मागच्या शनिवारी मी वसईच्या बाजारात त्या कवळीवाल्याकडे गेले. धर्मा त्याचं नाव. दुकानात काचेच्या कपाटात ओळीने कवळ्या मांडलेल्या, सगळ्या दात विचकून हसताहेत, आणि त्यांच्या खाली हा, स्वतःचे पुढचे दोन गायब. मी ते यंत्र त्याच्या पुढ्यात टाकलं आणि पाच मिनिटं त्याला काय बोलले ते आता आठवत नाही. बाहेर माणसं जमली होती एवढं खरं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय, तुम्ही काय भाकर भाकर करता? साहेब भाकरीचं काय बोललेच नाय. फट बुजव म्हनाले. मी बोललो, साहेब, फट कशी बुजवू, दात काढून कवळी देऊ काय पोरीला? तं म्हनाले, हा खिळा काढ, फट आपसूक बुजेल. घाई करत होते. पोरगी आत खुर्चीवर, आनि हे बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे. एकदा पन आत वळून बघितलं नाय."

मी घरी आले आणि पुष्कळ वेळ हसले. म्हणजे देव नाही, धर्म नाही, टाळूला चिकटणारी भाकर नाही. क्लारा मावशी निदान खऱ्या भीतीने बोलल्या. तू त्या म्हातारीची भीती उचललीस आणि अंगावर पांघरलीस, कारण तुला फोटोत फट नको होती. चार मित्र काय म्हणतील! बहारीनहून आलेल्या साहेबाची मुलगी आणि फटीचे दात! एका फोटोसाठी तू पोरीचा जबडा मागे ढकललास. मी तुला मूर्ख समजत होते. मूर्ख बरा रे, त्याला निदान कळत नसतं.

अजूनही तीच एक ओळ हवी आहे. तुझी लाज तुझ्यापाशी ठेव, ओळ पाठव.

फ्लॉसी


भुईगाव, १३ डिसेंबर १९८१

वॉल्टर,

तुझी ओळ मिळाली. "डॉक्टर सांगतील तसं करा, मी मधे येणार नाही." गिरवायला तुला पाच महिने लागले. बाईंना दाखवली, त्यांनी फाईलला टाचली, पुढच्या महिन्यात यंत्र बसेल.

पण खाली तू आणखी काहीतरी लिहून खोडलं होतंस आणि मग पुन्हा लिहिलं होतंस. "ती फट पुन्हा पडणार का?"

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, अजून याला फटीचीच पडली आहे! तिथल्या तिथे कागद ओढला आणि तुला दोन पानं लिहिली. ती तुला मिळणार नाहीत, चुलीत गेली. कारण लिहीत होते तेवढ्यात सुझान आली आणि पप्पांनी काय कळवलंय विचारायला लागली. मी म्हटलं, "तुझ्या पप्पांना फट आवडत नाही."

"मला माहितेय," ती म्हणाली. "मी हसले की पप्पांचं तोंड कसंतरी व्हायचं."

"कसंतरी म्हणजे?"

ती दाराच्या कडीशी चाळा करायला लागली. मग म्हणाली, "पप्पा आले ना, त्या दिवशी मी पळत गेले आणि हसले. तर ते म्हणाले, तोंड मीट गं. आणि विहिरीकडे निघून गेले. मी मागून गेले तर ते रडत होते. म्हणाले, तुझी आई अशीच हसायची. तू अशीच दिसत राहिलीस तर मी परत कसा जाऊ? मला म्हणाले, कुणाला सांगू नको." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आत्या, मी सांगितलं म्हणून पाप लागेल का?"

मी तिला म्हटलं, नाही लागणार. लागलंच तर ज्याने लपवायला लावलं त्याला लागेल.

रात्री मी तुमच्या लग्नाचा फोटो काढून बघितला. हिल्डा तोंड मिटून बसली आहे. तिला फटीची लाज होती, हसताना हात तोंडावर न्यायची. आणि तू तिचा हात ओढून खाली करायचास, हे मला आता आठवलं. फोटोवाल्यासमोरही तू तिला हसवायला बघत होतास, तिने दाद दिली नाही. सगळी पेटी उपसली. हिल्डाचा हसरा फोटो आपल्या घरात एकही नाही.

मला तुझी दया आली असं समजू नकोस. उलट आता मी तुला जास्त ओळखते. ऑक्टोबरात मी तुला पोकळ म्हटलं होतं असं समज, आज भेकड म्हणते. बायको गेली, पोर तीन वर्षांची, ती माझ्या ओटीत टाकलीस आणि समुद्रापलीकडे जाऊन बसलास. दर सुट्टीत हिल्डाच्या कबरीवर मेणबत्ती लावतोस, गुडघे टेकतोस, गाव म्हणतं काय नवरा आहे! आणि तीच हिल्डा एके दिवशी पळत येऊन अंगणात तुझ्यासमोर हसली, तर तू पक्कड शोधायला निघालास. तुला मेलेली बायको कबरीत बरी वाटते. पोरीच्या तोंडात नको.

आणि त्यासाठी पोरीने काय शिकायचं? आपलं हसू माणसांना रडवतं, ते मिटून ठेवावं. वर्गात ती तोंडापुढे वही धरते तो तिचा जबडा नाही रे, तो तू आहेस. हाड काय, डॉक्टरबाई पुन्हा उघडतील. हे कुठल्या चावीने उघडू ते मला सांग.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय, फट पुन्हा पडणार. पडलीच पाहिजे. पडली नाही तर शिवण उघडलीच नाही असा अर्थ होतो. तिला मी सांगितलं आहे, "तुझी आई अशीच हसायची, म्हणून पप्पा रडले. तू काही वाईट केलं नाहीस." तिने विचारलं, "मग आई छान दिसायची का?"

हे मी कशाला सांगू? हे सांगायला तिला बाप आहे.

फ्लॉसी


भुईगाव, ३१ जानेवारी १९८२

वॉल्टर,

यंत्र बसलं. चावी पुन्हा माझ्या बोटाला आहे, आमेन पुन्हा सुझानचा. मागच्या वेळेपेक्षा या वेळी जास्त दाटतं म्हणते. पहिले दोन दिवस नुसत्या पेजेवर होती. आज दोन्ही बाजूंनी चावून दाखवलं.

रविवारी मिस्सेला फादर गॅब्रिएलनी नखाएवढा तुकडा दिला आणि बाजूला पाण्याचा पेला धरून उभे राहिले. सगळं चर्च बघत होतं. सुझानने घोट घेतला, गिळलं, आणि जागेवर जाऊन बसली. प्रभू कुठे अडकला नाही. क्लारा मावशी बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "एवढंच व्हतं होय? मंग वॉल्टरने पोरीचा एवढा छळ का केला?" मी म्हटलं, त्यालाच विचारा.

फट मंगळवारी दिसली. आधी दोरा जाईल एवढी होती, आता मागच्यासारखी रुंद झाली आहे. या वेळी मी तिच्या हातात आरसा दिला. खूप वेळ बघत बसली. मग ओठ वर करून, खाली करून, निरनिराळ्या तऱ्हांनी हसून पाहिलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. हसता हसता तिचा हात तोंडाकडे गेला, अगदी हिल्डाचा जायचा तसा. कुणी शिकवलं नव्हतं. मी पुढे झाले आणि तिचा हात खाली ओढला. हे काम माझं नव्हतं, वॉल्टर. ते तुला चांगलं जमायचं.

तू फोटो मागशील म्हणून आधीच सांगते, मी काढणार नाही. फोटोवाल्याला बोलावणार नाही, क्लेमेंटच्या हाती काही पाठवणार नाही. कागदावरच्या माणसांबरोबर तू फार वर्षं काढलीस.

चावी आता थोडेच दिवस फिरवायची. मग ते दोन दात आपण होऊन जवळ येऊ लागतील, बाईंनी तसं पुन्हा सांगितलं आहे. हाड धरून ठेवायला यंत्र आहे. फट धरून ठेवायला कुणाकडे काही नाही, आणि ठेवायचीही नाही. पावसाळ्यापर्यंत सुझान सुझानसारखी हसू लागेल.

रजा मिळत नाही असलं काही लिहू नकोस. मांडवासाठी मिळाली होती. हिल्डाला पुन्हा एकदा हसताना बघायचं असेल तर फट बुजायच्या आत ये, आणि या वेळी रस्त्याकडे तोंड करून उभा राहू नकोस.

तुझी बहीण,
फ्लॉसी